धारोष्ण दुधाचा दुसरा चेहरा

धारोष्ण दूध म्हणजे अमृत, ही समजूत काही फक्त आपल्याकडचीच नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही गोठ्यातून थेट पेल्यात आलेल्या दुधाइतके शुद्ध काही नाही, असेच लोक मानत. गाय धडधाकट, भांडे स्वच्छ, मग भीती कसली? जाणकारही हेच सांगत. या समजुतीला धक्का दिला तो अ‍ॅलिस इव्हान्स या संशोधिकेने. त्याची किंमतही तिलाच मोजावी लागली.

शिक्षिका ते संशोधिका

अ‍ॅलिसचा जन्म १८८१ साली पेनसिल्व्हेनियातील एका शेतकरी कुटुंबात झाला. घरची परिस्थिती बेताची. त्यामुळे तिने चार वर्षे प्राथमिक शाळेत नोकरी केली. कॉर्नेल विद्यापीठात ग्रामीण शिक्षकांसाठी निसर्ग अभ्यासाचा एक मोफत वर्ग चाले. तिथे ती गेली आणि विज्ञानाच्या प्रेमातच पडली. १९०९ मध्ये तिने सूक्ष्मजंतुशास्त्राची पदवी मिळवली. पुढच्याच वर्षी विस्कॉन्सिन विद्यापीठातून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. पीएच.डी. मात्र तिने कधीच केली नाही.

लगेचच अमेरिकेच्या कृषी खात्याच्या दुग्ध विभागात तिला नोकरी मिळाली. दूध आणि चीज यांतील जंतूंचा अभ्यास हे तिचे काम. एका स्त्रीची शास्त्रज्ञ म्हणून नेमणूक झाल्याचे कळताच खात्यातल्या अधिकाऱ्यांत खळबळ उडाली होती म्हणे!

दोन नावे, एकच घराणे

त्या काळी दोन रोगजंतू शास्त्रज्ञांना ठाऊक होते. माल्टा बेटावर माणसांना होणाऱ्या तापाचा जंतू डेव्हिड ब्रूस यांनी १८८७ मध्ये शोधला होता. हा ताप बकरीच्या दुधातून येतो, हेही पुढे सिद्ध झाले. दुसरा जंतू डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९७ मध्ये शोधलेला. त्याच्यामुळे गाभण गाई गाभडत. एकाची गणना गोल जंतूंत, तर दुसऱ्याची काडीच्या आकाराच्या जंतूंत झाली होती. त्यामुळे दोघांना शेजारी ठेवून पाहावे, असे कुणाला सुचलेच नाही.

अ‍ॅलिसने नेमके तेच केले. तपासण्यांमागून तपासण्या केल्या, तेव्हा दोघांत जवळजवळ काहीच फरक दिसेना. शिवाय निरोगी दिसणाऱ्या गाईंच्या ताज्या दुधातही तिला तसेच जंतू आढळले. मग प्रश्न उभा राहिला : बकरीच्या दुधातून माणसाला ताप येतो, तर गाईच्या निरशा दुधातून का येणार नाही?

हे निष्कर्ष तिने १९१७ मध्ये जंतुशास्त्रज्ञांच्या सभेत मांडले आणि १९१८ मध्ये प्रसिद्ध केले.

टीकेचा भडिमार

हे खरे असते, तर आजवर कुणाच्या तरी लक्षात आले नसते का, असा सूर निघाला. थिओबाल्ड स्मिथ यांच्यासारख्या नामवंत शास्त्रज्ञांनीही शंका घेतली. दूध तापवण्याची यंत्रे बनवणाऱ्यांशी तिची हातमिळवणी आहे, असाही आरोप झाला. अ‍ॅलिस वाद घालत बसली नाही. आपले काम करीत राहिली.

१९२० मध्ये कॅलिफोर्नियातील कार्ल मायर आणि त्यांच्या सहकाऱ्याने तिच्या निष्कर्षांना दुजोरा दिला. ब्रूस यांच्या सन्मानार्थ या जंतूंच्या घराण्याला ‘ब्रुसेला’ हे नाव सुचवले गेले आणि रोग ‘ब्रुसेलोसिस’ म्हणून ओळखला जाऊ लागला.

शोध अंगाशी आला

हा ताप चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. दरदरून घाम, सांधेदुखी, कमालीचा थकवा ही त्याची लक्षणे. टायफॉइड किंवा मलेरिया समजून अनेकदा भलतेच उपचार होतात. १९२२ मध्ये प्रयोगशाळेत काम करताना खुद्द अ‍ॅलिसला या रोगाची लागण झाली. पुढली वीसहून अधिक वर्षे तो अधूनमधून डोके वर काढत राहिला. डॉक्टरांना निदान होईना; तिचे दुखणे मानसिक ठरवले गेले. अखेर तिच्या शरीरातूनच ते जंतू वेगळे काढण्यात आले, तेव्हा कुठे शंका फिटली.

आजारपणातही संशोधन थांबले नाही. १९२८ मध्ये अमेरिकन जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेची ती पहिली महिला अध्यक्ष झाली. १९३०च्या दशकात तिथे दुधाच्या पाश्चरीकरणाची सक्ती वाढत गेली. या बदलामागे तिच्या संशोधनाचा मोठा वाटा होता. १९४५ मध्ये ती निवृत्त झाली आणि १९७५ मध्ये, वयाच्या ९४व्या वर्षी तिचे निधन झाले.

आपल्या स्वयंपाकघरात

पाश्चरीकरणात दूध ६३ अंश सेल्सिअसला अर्धा तास किंवा ७२ अंशांना १५ सेकंद तापवून थंड करतात. एवढ्याने ब्रुसेला मरतो. दूध उकळण्याची आपली जुनी पद्धतही तेच काम करते. रोग मात्र भारतातून गेलेला नाही. २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेलोसिसची लस देण्याची तरतूद आहे.

तेव्हा गवळ्याकडचे दूध कितीही ताजे असले, तरी उकळल्याशिवाय लेकरांना देऊ नका. निरशा दुधाचे पनीरही टाळा. घरी गाई-म्हशी असतील, तर गाभडलेल्या जनावराला किंवा वारेला उघड्या हाताने शिवू नका. ताप वरचेवर उलटत असेल, तर घरी जनावरे आहेत किंवा निरसे दूध पिण्यात आले होते, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. निदानाची वाट बरेचदा तिथेच सापडते.