पस्तीस अडथळ्यांचं गणित

आशियाई अ‍ॅथलेटिक्स अजिंक्यपद स्पर्धा 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या गुमी शहरात झाली. 29 मे रोजी तिथली पुरुषांची 3,000 मीटर स्टीपलचेस शर्यत अविनाश साबळेने 8 मिनिटं 20.92 सेकंदांत जिंकली. जपानचा युतारो निइनाए साडेतीन सेकंदांनी मागे राहिला. या शर्यतीत भारताला याआधीचं सुवर्ण 1989 मध्ये दीना रामने मिळवून दिलं होतं. तब्बल 36 वर्षांचा हा खंड भरून काढणारा धावपटू बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. शाळा सहा किलोमीटर दूर, म्हणून चालत-पळत जाणारा. बारावीनंतर तो सैन्यात, महार रेजिमेंटमध्ये भरती झाला.

त्याच मराठवाड्याच्या दुसऱ्या टोकाला, हिंगोली-वाशीम रस्त्यावर, विदर्भाच्या सीमेला लागून कनेरगाव नाका आहे. अशा गावांच्या रस्त्यांवर पहाटे भरतीच्या ‘ग्राउंड’ची तयारी करणारी पोरं धावताना दिसतात. साबळेचं यश या पोरांना ठाऊक असतं. त्यामागचं शरीरशास्त्रही त्यांच्यापर्यंत पोहोचायला हवं, कारण ते त्यांच्या रोजच्या उपयोगाचं आहे.

गुमीतला वेग आधी भरतीच्या मापाने मोजू. सैन्यभरतीत 1,600 मीटर साडेपाच मिनिटांत काढले की धावण्याचे पूर्ण 60 गुण मिळतात, हे पोरांना पाठ असतं. साबळेचा सरासरी वेग किलोमीटरला 2 मिनिटं 47 सेकंद होता. त्या वेगाने 1,600 मीटर सुमारे 4 मिनिटं 27 सेकंदांत होतात, आणि तेही वाटेतले अडथळे ओलांडत. एवढं करून पुढे आणखी 1,400 मीटर उरतातच.

स्टीपलचेसमध्ये 28 कोरडे अडथळे आणि 7 पाण्याच्या उड्या असतात, म्हणजे एकूण 35 अडथळे. पुरुषांसाठी अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर असते. साध्या हर्डल्स शर्यतीतला अडथळा पाय लागला की कलंडतो. इथली जाड लाकडी तुळई 80 ते 100 किलो वजनाच्या चौकटीवर बसवलेली असते. ठोकर लागली तर अडथळा हलत नाही, धावणाराच पडतो. पाण्याचा खड्डा 3.66 मीटर लांब असतो आणि अडथळ्याच्या पायथ्याशी सर्वांत खोल. तळ पुढे चढत जातो, त्यामुळे जितकी लांब उडी तितकं पाणी कमी. म्हणून बरेच धावपटू तुळईवर एक पाय टेकवतात आणि तिथून पुढे झेपावतात.

या अडथळ्यांची किंमत किती? सपाट 3,000 मीटरचा विश्वविक्रम नॉर्वेच्या याकोब इंगेब्रिग्टसेनचा आहे, 7 मिनिटं 17.55 सेकंद. स्टीपलचेसचा इथिओपियाच्या लमेचा गिर्माचा, 7 मिनिटं 52.11 सेकंद. फरक साडेचौतीस सेकंदांचा. अडथळे 35. धावपटू वेगळे असल्याने हा हिशेब ढोबळच, पण एका अडथळ्यामागे जवळजवळ एक सेकंद जातो एवढं त्यातून कळतं.

हा सेकंद नेमका जातो कुठे? दर थोड्या अंतरावर गतिरोधक असलेल्या रस्त्यावर एसटीला डिझेल जास्त लागतं, ते वेग पुन्हा पुन्हा तोडून पुन्हा धरावा लागतो म्हणून. धावपटूचंही तसंच होतं. अडथळ्याआधी वेग किंचित वाढवायचा, शरीराचं वजन वर उचलायचं, उतरताना बसणारा दणका पायांनी झेलायचा आणि मंदावलेला वेग पुन्हा धरायचा. हवेत असताना पायाला जमीन नसते, त्यामुळे पुढे रेटा देता येत नाही. म्हणून कसबी धावपटू उंच उडत नाही. अंग पुढे झुकवून तो तुळईला जेमतेम चुकवतो. अडथळ्यापाशी कोणता पाय पुढे येईल हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोन्ही पायांनी उडी घेण्याचा सराव लागतो. नाहीतर पावलं तोडावी लागतात आणि वेग तिथेच सांडतो.

गुमीतली साडेतीन सेकंदांची आघाडी 35 अडथळ्यांत वाटली तर प्रत्येकी एक दशांश सेकंद येतो. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत साबळेचं सुवर्ण फक्त 0.05 सेकंदाने हुकलं होतं. 1998 पासून तिन्ही पदकं केनियालाच जात असलेल्या शर्यतीत त्याने रौप्य मिळवलं, पण सुवर्ण एका चुकलेल्या पावलाएवढंच दूर राहिलं.

आता शरीराच्या आत पाहू. आठ मिनिटांच्या धावेतली बहुतांश ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने तयार होते. फुप्फुसांनी घेतलेला ऑक्सिजन रक्तातल्या तांबड्या पेशी स्नायूंपर्यंत नेतात आणि तिथल्या मायटोकाँड्रिया त्यातून ऊर्जा काढतात. वेग या पुरवठ्याच्या पुढे गेला की उरलेली ऊर्जा ऑक्सिजनशिवाय काढावी लागते. मग स्नायूंत आम्लता वाढते आणि पाय जड होतात. याचा दोष अनेकदा लॅक्टेटला दिला जातो, पण लॅक्टेट हे स्वतः इंधन आहे. हृदय आणि इतर स्नायू ते वापरतात. संथ, लांब धावांनी ही सगळी यंत्रणा वाढते. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि मायटोकाँड्रिया वाढतात, हृदय एका ठोक्यात अधिक रक्त ढकलतं. साबळेने अमेरिकेतल्या कोलोराडो स्प्रिंग्जमध्येही सराव केला. सुमारे 1,800 मीटर उंचीवर हवा विरळ असते, म्हणून मूत्रपिंडं एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक अधिक सोडतात आणि तांबड्या पेशी वाढतात.

डोंगराची उंची कनेरगाव नाक्याला आणता येणार नाही. बाकीचं बरंच आणता येतं. जगातले उत्तम लांब पल्ल्याचे धावपटू बहुतेक किलोमीटर सावकाश, बोलता येईल इतक्या वेगाने धावतात. रोज जीव तोडून पळणारा पोरगा मात्र लवकर थकतो किंवा दुखापत ओढवून घेतो. परीक्षेच्या दिवशी पहिलाच राऊंड सुसाट मारणाऱ्याचंही असंच होतं. आम्लता लवकर चढते आणि शेवटच्या राऊंडला पाय उचलत नाहीत. साडेपाच मिनिटांसाठी 400 मीटरचा प्रत्येक राऊंड साडेब्याऐंशी सेकंदांत हवा. पहिला राऊंड सत्तरमध्ये गेला तर ते चांगलं लक्षण समजू नये.

हे कळण्यासाठी मात्र अंतर अचूक मोजलेलं हवं. रस्त्यावरच्या अंदाजी मैलाच्या दगडांवर राऊंडचा हिशेब बसत नाही. प्रत्येक मोठ्या गावात आखलेलं 400 मीटरचं मातीचं मैदान, एक स्टॉपवॉच आणि वेळ लिहून ठेवणारा एक शिक्षक एवढं असलं, तरी भरतीला निघालेल्या पोरांत दडलेला लांब पल्ल्याचा धावपटू वेळेवर ओळखता येईल. साबळेची पारख सैन्यात गेल्यावर झाली. पुढच्या मुलाची ती शाळेतच व्हायला हवी, आणि तेवढं करणं ग्रामपंचायतीच्या आणि शाळेच्या हातात आहे.