विहिरीची खोली आणि परतंत्र चल

जुन्या, पायऱ्या ढासळलेल्या विहिरीच्या काठावर उभे राहून ज्याने लहानपणी आत खडा टाकला असेल, आणि तो पाण्यावर आदळल्याचा आवाज कानी येईपर्यंत श्वास रोखून एक, दोन, तीन असे आकडे मोजले असतील, त्याची बीजगणितातील परतंत्र चलाशी, त्याचे नावगाव ठाऊक नसतानाच, गाठ पडलेली असते. आवाजाला जितका उशीर, तितके पाणी खोल, हे मुलालाही उमगते. परंतु दुप्पट वेळ लागला असता खोली दुप्पट नव्हे, तर चौपट असते, हे सांगावयास गणितच लागते. हवेचा अडथळा आणि आवाज वर येण्यास लागणारा अत्यल्प काळ हिशेबातून वगळला, तर पहिल्या सेकंदाअखेर खडा सुमारे १६ फूट, दुसऱ्याअखेर ६४ आणि तिसऱ्याअखेर १४४ फूट खाली गेलेला असतो. गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पतनाचे हे प्रमाण मांडले. काळाला क्ष आणि खोलीला य म्हटले, की तो सारा नियम य = १६क्ष² एवढ्या ओळीत मावतो.

या ओळीत क्षला, खडा पाण्यावर पडेपर्यंतच्या अवधीतली, हवी ती किंमत घेण्याची मुभा आहे. यला ती नाही. क्षची किंमत ठरली, की त्याच क्षणी यची किंमत मुक्रर झाली. म्हणून क्ष हा स्वतंत्र चल आणि य हा परतंत्र चल. आणि या दोहोंना बांधून ठेवणाऱ्या नियमाला गणिती ‘फल’ म्हणतात.

येथे विद्यार्थ्यांची एक जुनी गफलत होते, आणि तिचा दोष मी त्यांना देणार नाही. अक्षर दिसले की ते ‘काढावयाचे’ असते, अशी त्यांची समजूत आपणच करून दिलेली असते. भास्कराचार्यांनी ११५० साली सिद्धान्तशिरोमणीतील बीजगणितात अज्ञात राशींसाठी ‘यावत्तावत्’ आणि त्यापुढे कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे योजिली. मात्र त्या राशी अज्ञात असल्या, तरी ठरलेल्या होत्या, शोधून काढल्या की प्रश्न मिटला. चल ही निराळी वस्तू आहे. य = १६क्ष² यात काहीही हरवलेले नाही; तेथे एक राशी हलते आणि दुसरी तिच्यामागोमाग हलते, आणि पाहावयाचे असते ते हे हलणेच.

या पारतंत्र्याला एक अटही आहे. क्षच्या प्रत्येक किमतीला यची एक आणि एकच किंमत मिळाली पाहिजे. क्ष² + य² = २५ या वर्तुळात क्ष ३ असता य ४ असू शकतो, तसाच उणे ४ही; तेव्हा वरचा अर्धा भाग की खालचा, हे आधी सांगितल्यावाचून तेथे यला क्षचे फल म्हणता येत नाही.

राहिला तो मला सर्वांत मोलाचा वाटणारा मुद्दा. परतंत्रता हा त्या राशीचा जन्मजात गुण नव्हे. ती आपण प्रश्न कसा मांडतो यावर ठरते. सृष्टीच्या बाजूने पाहिले तर विहीर खोल आहे म्हणून खड्याला वेळ लागतो, वेळ लागला म्हणून विहीर खोल होत नाही. ज्याने दोर सोडून १४४ फूट खोली आधीच मोजून ठेवली आहे, त्याने समीकरण उलटवावे, १४४ चे वर्गमूळ १२ घ्यावे, त्याला ४ ने भागावे आणि खडा ३ सेकंदांनी पाण्याला लागेल असे निःशंकपणे सांगावे. त्याच्या मांडणीत काळ परतंत्र झाला. काठावरच्या मुलाजवळ दोर नसतो. त्याच्याजवळ ओठांतल्या ओठांत मोजलेले तेवढे आकडे असतात, आणि म्हणून त्याच्यापुरती ती अंधारी खोलीच परतंत्र असते.