प्रेमगीताचे पहिले श्रोते

प्रेमगीत एका व्यक्तीसाठी लिहिले जाते. पण ते गीत म्हणून उभे राहते की नाही, हे इतरांच्या कानांवर ठरते. वहीत उतरलेल्या ओळी लिहिणाऱ्याला पूर्ण वाटतात, कारण न लिहिलेला प्रसंगही त्याच्या मनात असतो. ऐकणाऱ्याजवळ असतात ते फक्त शब्द आणि चाल. हे अंतर दाखवून देणे, हेच पहिल्या खर्ड्याच्या वेळी मित्रमंडळींचे काम.

मराठी कवितेला ही रीत नवी नाही. १९२३ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाचे कवी रविवारी एकत्र जमत, चहाच्या साथीने एकमेकांच्या कविता ऐकत आणि त्यांवर चर्चा करत. त्यांपैकी यशवंत आणि गिरीश यांनी कविता जाहीरपणे गाऊन त्या रसिकांपर्यंत पोहोचवल्या, तर माधव जूलियन यांनी 'छंदोरचना' हा छंदशास्त्रावरील ग्रंथ सिद्ध केला. कविता कानाने तपासायची असते, याची जाण या मंडळींना होती.

मात्रांचा हिशेब

गाण्याची पहिली परीक्षा तालाची. ऱ्हस्व अक्षराची एक मात्रा, दीर्घाची दोन, आणि जोडाक्षराचा आघात आला की त्यामागचे ऱ्हस्व अक्षरही दोन मात्रांचे होते. समजा, एखाद्या तरुणाला हॉटेलातील एक प्रसंग गाण्यात आणायचा आहे. तो लिहितो, 'तुझ्या कपातला चहा माझ्या बशीत'. या ओळीच्या मात्रा भरतात २०. आठ मात्रांच्या केरव्याच्या दोन आवर्तनांत मावतात १६. वाचताना हे खटकत नाही. गाताना मात्र शब्द पळवावे लागतात. बशी म्हटल्यावर कप आलाच, असे एखादा मित्र सुचवतो आणि ओळ होते, 'तुझा चहा तू बशीत माझ्या'. मात्रा बरोबर १६.

दुसरी परीक्षा अर्थाची. पुढची ओळ येते, 'ओतलास अन् बोललीस ना'. लिहिणाऱ्याच्या मनात 'बोलली नाहीस' हा अर्थ. ऐकणाऱ्याला मात्र 'बोललीस, हो ना?' असे ऐकू येते. स्वल्पविराम आणि प्रश्नचिन्ह कागदावर दिसते, गाण्यात दिसत नाही. म्हणून दुरुस्ती होते, 'ओतलास अन् शब्द न काही'. मात्रा तेवढ्याच, संदिग्धता मात्र गेली.

विचारावे काय?

'कसे वाटले?' या प्रश्नाला मित्रांकडून बहुधा 'छान' एवढेच उत्तर मिळते. त्यापेक्षा गाण्यामागची हकीकत आधी न सांगता ते एकदा गाऊन दाखवावे आणि नेमके विचारावे : कोणती ओळ लक्षात राहिली? कोठे अर्थ लागला नाही? कोण कोणाशी बोलत आहे? ध्रुवपद एकदा ऐकून गुणगुणता येते का? शक्य असल्यास एक श्रोता चालीचा जाणकार, एक शब्दांचा रसिक आणि एक अगदी सामान्य गाणे ऐकणारा असावा.

तिघेही एकाच जागी अडखळले, तर दोष त्या ओळीत आहे, असे समजावे. एकालाच खटकले, तर तो आवडीनिवडीचा भाग असू शकतो. शिवाय दुखणे कोठे आहे, हे मित्र अचूक सांगतात. त्यांनी सुचवलेले औषध मात्र प्रत्येक वेळी लागू पडतेच असे नाही.

नेहमीच्याच मंडळींत बसण्यात एक धोकाही असतो. सर्वांच्या लकबी सारख्या होऊ लागतात आणि त्या आपसांत कोणालाच जाणवत नाहीत. रविकिरण मंडळाच्या कवींच्या अशा लकबी बाहेरच्या कानाने टिपल्या आणि आचार्य अत्रे यांनी १९२५ मधील 'झेंडूची फुले'मध्ये त्यांची विडंबने केली. म्हणून एखादा श्रोता कंपूबाहेरचा असलेला बरा.

जपावे काय?

सर्वांत अवघड प्रश्न शेवटी येतो. कोणीतरी म्हणते, 'प्रेमगीतात चहा-बशी कशाला? तेथे चांदणे घाल.' सूचना प्रेमळ असते, तालातही बसू शकते. पण चांदणे कोणाच्याही गाण्यात सापडेल. तो बशीतला चहा या दोघांचाच आहे. सर्वांचे ऐकत गेल्यास गाणे गुळगुळीत होते आणि ज्या व्यक्तीसाठी ते लिहिले, तीच त्यातून निघून जाते.

मात्रा, उच्चार, अर्थाची संदिग्धता या बाबतींत मित्रांचे मुकाट्याने ऐकावे. गाणे कशाविषयी आहे, हे मात्र लिहिणाऱ्यानेच ठरवावे. कारण मित्र कितीही असले, तरी गाणे शेवटी ज्या एका श्रोत्यापुढे गायचे, त्या श्रोत्याने त्यात स्वतःला ओळखले पाहिजे.