डेटाबेस उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची डिफॉल्ट सेटिंग : ठरवायची कुणी, ठेवायची कुठं?

औशातून बोलतोय. ज्यांना ऐकायला सवड नाही त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय, बोलण्याचा बाज तसाच ठेवलाय.

आजचा विषय थोडा रुक्ष वाटेल. पण पतसंस्था, आडत दुकान, शाळा, दवाखाना, जिथं हिशेब संगणकावर आहे तिथं लोकांचे पैसे आणि लोकांची नावं याच्यावर अवलंबून आहेत.

डिफॉल्ट म्हणजे काय? आपण काहीच सांगितलं नाही तर सॉफ्टवेअर जे धरून चालतं ते. टपरीवर 'एक चहा' म्हटलं की साखर घातलेलाच येतो. बिनसाखरेचा पाहिजे असेल तर तोंड उघडावं लागतं. डेटाबेसचं तसंच आहे. फरक एवढाच, की चहा गोड लागला तर लगेच कळतं. इथं महिनाभर कळत नाही.

तारीख कुणाची?

एसक्यूएल सर्व्हरमध्ये प्रत्येक लॉगिनला एक डिफॉल्ट भाषा असते. बहुतेक ठिकाणी ती अमेरिकन इंग्रजी असते, कारण इन्स्टॉल करताना कुणी बदललेली नसते. अमेरिकन पद्धतीत आधी महिना, मग दिवस. आपण लिहितो 05/06/2024, म्हणजे 5 जून. सर्व्हर वाचतो 6 मे.

समजा एक लाखाची ठेव आहे, दर 9 टक्के. 30 दिवस जास्त धरले तर साधारण 740 रुपये व्याज जादा लागतं. एका खात्याला ठीक आहे. पण दर महिन्याच्या पहिल्या 12 दिवसांत केलेल्या नोंदी अशाच गुपचूप उलट्या होतात (6 जूनसारख्या तारखा सोडल्या तर). 13 तारखेला 13/06 टाकलं की मगच एरर येते, कारण तेरावा महिना नसतो. तेव्हा सगळे म्हणतात, 'काल तर चालू होतं की!' चालू होतं, पण चुकीचं चालू होतं.

उपाय दोन. लॉगिनची डिफॉल्ट भाषा 'ब्रिटिश' करायची, म्हणजे दिवस आधी वाचला जातो. आणि क्वेरी लिहिणाऱ्यांना सवय लावायची की तारीख सलग आठ आकड्यांत लिहा, 20240605 अशी. ती कुठल्याही भाषेत एकाच अर्थानं वाचली जाते.

दिसतंय तेवढंच आहे का?

डीबीव्हर हे सॉफ्टवेअर सुरुवातीला फक्त 200 ओळी आणतं. माय एसक्यूएल वर्कबेंच 1000 वर थांबतं. हे चांगल्यासाठीच आहे, नाहीतर लाखो ओळी मागवून मशीन गुदमरेल. पण समजा सोयाबीनच्या हंगामात दिवसाला 640 पट्ट्या झाल्या. मुलानं पडद्यावरचं सगळं कॉपी केलं, एक्सेलमध्ये टाकलं, बेरीज मारली. बेरीज एकदम बरोबर, फक्त 200 पट्ट्यांची. 440 शेतकरी हिशेबातून गायब.

म्हणून हिशेबाचं काम करणाऱ्याला सांगून ठेवायचं: बेरीज डेटाबेसकडूनच करून घे. यादी पाहिजे असेल तर पडद्यावरून कॉपी करू नको, एक्स्पोर्ट वापर. डीबीव्हरचं एक्स्पोर्ट पूर्ण यादी आणतं.

केलेलं लगेच पक्कं होतं का?

यालाच ऑटोकमिट म्हणतात. माय एसक्यूएल आणि पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएलमध्ये ते मुळात चालू असतं. एंटर दाबलं की बदल पक्का, परत फिरणं नाही. 'व्हेअर' लिहायचं राहिलं तर एका खात्याऐवजी सगळ्या खात्यांचा पत्ता बदलतो.

माय एसक्यूएलनं यासाठी सेफ अपडेट्स नावाची सोय केलीय. की असलेल्या कॉलमची अट किंवा लिमिट नसेल तर अपडेट आणि डिलीट चालतच नाही. वर्कबेंचमध्ये ती आधीपासून चालू असते. 1175 नंबरची एरर येते ती हीच. आणि लोक काय करतात? एरर आली म्हणून ती सोयच बंद करतात. कमांड लाइनवर ती स्वतः चालू करावी लागते. तिथं तिचं दुसरं नाव आहे 'आय ॲम अ डमी'. नाव थट्टेचं आहे, काम थट्टेचं नाही.

मग ऑटोकमिट सरसकट बंद करून टाकावं का? थांबा. बंद केलं की कमिट करायचं लक्षात ठेवावं लागतं. एकानं अपडेट मारलं आणि कमिट न करता जेवायला गेला, तर त्या ओळी अडकून राहतात. शेजारच्या काउंटरवर त्याच खात्याला हात लावला की तो संगणक लटकतो आणि दोष नेटला. पोस्टग्रेसमध्ये अशा ताटकळलेल्या व्यवहाराला ठराविक वेळानं तोडायचं सेटिंग आहे, पण मुळात ते शून्यावर, म्हणजे बंद असतं. ऑटोकमिट बंद करणाऱ्यानं हे चालू करायलाच पाहिजे.

नावांच्या जागी प्रश्नचिन्हं

माय एसक्यूएल 5.7 पर्यंत डिफॉल्ट अक्षरसंच लॅटिन होता. त्यात देवनागरी बसतच नाही. 2018 साली आलेल्या 8.0 पासून तो युनिकोडचा झाला. जुन्या सर्व्हरवर किंवा जुन्या जोडणीतून 'ज्ञानेश्वर' साठवलं तर आत नुसती प्रश्नचिन्हं जाऊ शकतात. एकदा ती आत गेली की मूळ नाव कुठल्याही युक्तीनं परत येत नाही. कागदावरून पुन्हा टाइप करणं हाच मार्ग. एसक्यूएल सर्व्हरमध्येही तेच: कॉलम युनिकोडचा पाहिजे आणि मजकुराच्या आधी 'एन' पाहिजे.

सेटिंग ठेवायची कुठं?

इथं खरी गंमत आहे. तीन जागा असतात. पहिली सर्व्हरवर, वापरणाऱ्याच्या नावाला जोडलेली. दुसरी त्याच्या संगणकावर, सॉफ्टवेअरच्या पसंतींमध्ये. तिसरी चालू जोडणीपुरती.

पोस्टग्रेसचा क्रम लक्षात ठेवा: मूळ फाइलपेक्षा डेटाबेसला लावलेलं सेटिंग वरचढ, त्यापेक्षा रोलला म्हणजे वापरणाऱ्याला लावलेलं, त्यापेक्षा त्या डेटाबेसमधल्या त्या रोलचं, आणि सगळ्यात शेवटी चालू जोडणीत त्यानं स्वतः 'सेट' म्हटलेलं. रोलचं सेटिंग बदललं तरी उघड्या असलेल्या जोडणीवर परिणाम होत नाही. बंद करून पुन्हा लॉगिन करावं लागतं. 'बदललं पण लागत नाही' या तक्रारीचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं.

माझा नियम सोपा आहे. चुकलं तर पैसे किंवा नावं जातील असं सगळं सर्व्हरवर ठेवायचं: तारीख, अक्षरसंच, वेळमर्यादा. फॉन्ट, रंग, किती ओळी दिसाव्यात हे ज्याच्या त्याच्या संगणकावर. कारण संगणक बदलतो, विंडोज पुन्हा टाकलं जातं, आणि संगणकावरच्या पसंती त्याबरोबर जातात. एक अपवाद: डीबीव्हरमध्ये जोडणीला 'प्रॉडक्शन' असा प्रकार द्यायची सोय आहे. मग ती लालसर दिसते आणि ऑटोकमिट बंद राहतं. खऱ्या डेटाबेसला हा प्रकार आणि सरावाच्या डेटाबेसला दुसरा, हे प्रत्येक संगणकावर करून द्यायचं.

डिफॉल्ट म्हणजे कुलूप नव्हे

शेवटचं आणि महत्त्वाचं. पोस्टग्रेसमध्ये एखाद्याला 'फक्त वाचायचं' असं डिफॉल्ट लावता येतं. पण तो माणूस एका ओळीत ते उलटवू शकतो. दार लोटून घेणं आणि कडी लावणं यात फरक आहे. कडी म्हणजे परवानगी, ग्रँट आणि रिव्होक. ज्याला फक्त रिपोर्ट काढायचाय त्याला अपडेटची परवानगी देऊच नका. डिफॉल्ट भल्या माणसाला चुकीपासून वाचवतं, परवानगी सगळ्यांपासून वाचवते. दोन्ही पाहिजेत.

मी नव्या कार्यालयात गेलो की आधी तीन गोष्टी विचारतो. सगळे एकाच लॉगिननं येतात का? तसं असेल तर माणसागणिक सेटिंगचा प्रश्नच मिटला, आधी लॉगिन वेगळे करा. बदललेल्या सेटिंगची यादी कागदावर आहे का? आणि ती यादी ज्यानं केली तो उद्या नोकरी सोडून गेला तर पुढच्याला ती सापडेल का?

या तीन प्रश्नांची उत्तरं आपल्या कार्यालयात शोधून बघा, आणि आजच्या आज एका सरावाच्या टेबलात 05/06 टाकून ती 5 जून होते की 6 मे, तेवढं तपासा. भेटू पुढच्या भागात.