आरोपाची हुंडी कोण वटविणार?

निवडणूक म्हणजे रयतेने राज्यकर्त्यांकडून पाच वर्षांचा जमाखर्च मागून घेण्याचा दिवस होय. व्यापारी दिवाळीस वह्या पुऱ्या करतो, देणेघेणे ताडून पाहतो, आणि मगच नव्या वहीचे पूजन करतो. मतदारानेही तेच करावयाचे असते. अधिकारारूढ पुढाऱ्याच्या आर्थिक कारभारावर प्रचारसभांतून कडक टीका होऊ लागली, म्हणजे काही सज्जन नाके मुरडतात. आम्हांस त्यांचे म्हणणे मान्य नाही. अशी टीका करणे हे विरोधी पक्षाचे कर्तव्यच आहे. परंतु भर सभेत, हजारो लोकांच्या साक्षीने केलेला सार्वजनिक पैशाच्या अपव्ययाचा आरोप ही एक हुंडी आहे, हे टीकाकारांनी विसरू नये. तिच्या जोरावर मत पदरात पाडून घेतले, म्हणजे रक्कम उचलली. मग मुदत भरताच ती वटविणे ओघानेच आले. आरोप शेवटास न्यावा, अथवा तो निराधार होता असे उघड सांगून मागे घ्यावा. सचोटीच्या व्यवहारात तिसरा मार्ग नाही.

हा तिसराच मार्ग आपल्या प्रांतात कसा रूढ झाला, हे पाहावयाचे असेल तर फार दूर जावयास नको. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे हे गाव आहे. शंभर इंचांहून अधिक पाऊस जेथे कोसळतो, त्या तालुक्यातील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्यांवर वैशाखात बायाबापड्यांस हंडाभर पाण्यासाठी डोंगर चढावा लागतो. अशा मुलखात धरण व्हावे, यात वावगे काहीच नव्हते. कोकण पाटबंधारे विकास महामंडळाने ते हाती घेतले. पण २०११ साली या कामाची किंमत अल्पावधीतच सुमारे ८० कोटी रुपयांवरून सुमारे ३२७ कोटींवर गेली, नियोजित उंची ३९ मीटरांवरून ७१ मीटरांवर नेण्यात आली, आणि वनखात्याची परवानगी हाती येण्यापूर्वीच कामास हात घातला गेला, असे आक्षेप निघाले. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले, काम थांबले, पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हा नोंदविला. अखेरीस नवी मुंबईच्या भोवतालच्या नव्या वस्तीस पाणी पुरविण्याच्या हेतूने हा प्रकल्प सिडकोच्या स्वाधीन झाला. २०२४ सालची विधानसभेची निवडणूक आली आणि गेली, तरी कोंडाण्यास धरणाचे पाणी अडलेले नव्हते.

कोंडाणे हे एकच उदाहरण असते, तर त्यास तालुक्यापुरते महत्त्व राहिले असते. परंतु ते एका मोठ्या वादाचे अंग होते. २०११-१२ च्या राज्याच्या आर्थिक पाहणीतील आकड्यांवरून, दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च होऊनही ओलिताखालील क्षेत्राचे प्रमाण जेमतेम ०.१ टक्क्याने वाढले, असा निष्कर्ष काढण्यात आला. पाटबंधारे खात्यातील मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ साली सरकारास पत्रे लिहून कामांच्या दर्जावर व वाढत्या किमतींवर बोट ठेवले. १९९९ पासून २००९ पर्यंत जलसंपदा खाते सांभाळलेले उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी २०१२ च्या सप्टेंबरात राजीनामा दिला. नोव्हेंबरात सरकारने श्वेतपत्रिका काढून ओलिताचे क्षेत्र पुष्कळ वाढल्याचे निराळे आकडे मांडले, आणि डिसेंबरात पवार पुन्हा त्याच पदावर आले. पुढे माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पथकाचा अहवाल २०१४ साली विधिमंडळापुढे आला.

त्याच वर्षी १५ ऑक्टोबरास मतदान व्हावयाचे होते. भारतीय जनता पक्षाने काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारच्या पंधरा वर्षांच्या कारभारावर जी टीकेची झोड उठविली, तिचा कणा हा पाटबंधाऱ्यांचा हिशेबच होता. '७० हजार कोटी' हे शब्द गावोगावच्या ओट्यावर बोलले जाऊ लागले. लोकांनी विश्वास ठेवला आणि त्या पक्षास २८८ पैकी १२२ जागा दिल्या. देवेंद्र फडणवीस मुख्यमंत्री झाले. डिसेंबर २०१४ मध्ये अजित पवार व कोंडाण्याच्या वेळचे जलसंपदा मंत्री सुनील तटकरे यांच्या उघड चौकशीस परवानगीही मिळाली. येथवर हुंडी वटण्याच्या मार्गास लागली होती, हे मान्य केले पाहिजे.

पुढचा इतिहास मात्र वाचकांस विषाद वाटावा असा आहे. विदर्भातील प्रकल्पांबाबत नोव्हेंबर २०१८ मध्ये लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने न्यायालयात अजित पवारांवर जबाबदारी ठेवणारे प्रतिज्ञापत्र दाखल केले. डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विभागाने त्यांची जबाबदारी नसल्याचे दुसरे प्रतिज्ञापत्र दिले. या दोहोंच्या दरम्यान, २३ नोव्हेंबर २०१९ रोजी पहाटेच्या सुमारास, फडणवीसांच्याच जोडीने पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली होती. ते सरकार काही दिवसांतच गेले. २७ जून २०२३ रोजी भोपाळ येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी राष्ट्रवादी काँग्रेसचा उल्लेख करून सुमारे ७० हजार कोटींच्या घोटाळ्यांचा पाढा वाचला. अवघ्या पाच दिवसांनी, २ जुलै रोजी, अजित पवार भाजपच्या सत्तेतील सहकारी झाले, आणि त्याच महिन्यात राज्याचा खजिना त्यांच्या हाती देण्यात आला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आरोपपत्र म्हणजे शिक्षेचे फर्मान नव्हे. या प्रकरणी कोणत्याही न्यायालयाने कोणाही मंत्र्यास दोषी ठरविलेले नाही, आणि न्यायालयाने जे केले नाही ते वर्तमानपत्राने करू नये. आमचा प्रश्न आरोपीस नसून आरोप करणारास आहे. २०१४ सालचा आरोप खरा होता काय? खरा असेल, तर ज्यांच्यावर तो केला त्यांच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या कोणत्या न्यायाने दिल्या? खोटा असेल, तर त्यावर घेतलेली मते कोणत्या न्यायाने घेतली, आणि त्याबद्दल रयतेची क्षमा कोणी व केव्हा मागितली? या उभय पेचांतून सुटण्याची वाट आम्हांस तरी दिसत नाही.

राजकारणात कालचा शत्रू आज मित्र होतो, स्थिर सरकारासाठी तडजोड करावी लागते, असे यावर उत्तर देण्यात येते. तडजोड धोरणात खुशाल करावी. कर किती असावा, रस्ता आधी की कालवा आधी, यांवर दोन पक्षांनी मध्यबिंदू काढण्यात गैर काहीच नाही. परंतु हिशेबात तडजोड होत नसते. दोन पेढ्या एकत्र झाल्या म्हणून एकीच्या वहीतील बुडीत रक्कम वसूल झाली असे कोणी मानतो काय?

आर्थिक टीका कशी करावी याचा धडा कोकणच्याच एका सुपुत्राने घालून दिला आहे. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदे कौन्सिलात गोपाळ कृष्ण गोखले यांनी अंदाजपत्रकावर पहिले भाषण केले. खजिन्यातील शिल्लक ही भरभराटीची खूण नसून जादा कराची खूण आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखविले, आणि मिठावरील कर कमी करा अशी नेमकी मागणी केली. त्यांनी व इतर देशभक्तांनी ती वर्षानुवर्षे लावून धरली. मणामागे अडीच रुपये असलेला तो कर १९०३ साली दोन रुपये झाला, १९०५ साली दीड झाला, १९०७ साली एक झाला. परक्या सरकारापुढे, हाती सत्ता नसता, हे साधले. मग स्वराज्यात, सत्ता हाती असता, एका धरणाचा हिशेब का लागू नये?

आरोप वटले नाहीत, म्हणजे पुढच्या टीकेचीही पत जाते. २०२४ साली महायुतीचे सरकार लोकांपुढे गेले, तेव्हा तेच घडले. एकेकाळचे फिर्यादी आणि आरोपी एकाच मांडवात बसलेले, आणि २०११ च्या सत्तेतील इतर भागीदार समोरच्या मांडवात. पाटबंधाऱ्यांची जुनी वही कोणी नेटाने उघडावी? मग वादास विषय राहिला तो दानाचा. महिलांस दरमहा १५०० रुपये देणाऱ्या सरकारने २१०० देऊ म्हटले. खजिना रिकामा होतो अशी ओरड करणाऱ्या महाविकास आघाडीने ३००० देऊ म्हटले! गरीब भगिनींच्या हाती चार पैसे पडावेत, याविरुद्ध आमची तक्रार नाही. परंतु उधळपट्टीचा दोष देणारानेच दुप्पट बोली बोलावी, यास टीका म्हणत नाहीत, लिलाव म्हणतात. आडात किती आहे हे न सांगता पोहऱ्याचा आकार वाढविण्याची ही चढाओढ होती.

कोंडाण्याच्या लेण्यांत एक प्राचीन लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केले, इतकेच त्यात सांगितले आहे. दोन हजार वर्षांपूर्वीच्या माणसाने आपल्या कामावर नाव कोरले. त्याच गावच्या धरणाची जबाबदारी मात्र कोणी नावानिशी पत्करीत नाही.

म्हणून कर्जत-खालापूरच्या सुशिक्षित नागरिकांस व व्यापारी बंधूंस आमची विनंती आहे, की पुढील निवडणुकीत जो कोणी उमेदवार अधिकाऱ्यांवर वा विरोधकांवर पैशाचा आरोप करील, त्यास सभेतच तीन प्रश्न विचारावेत. हा आकडा कोणत्या सरकारी कागदात आहे? निवडून आल्यास किती महिन्यांत चौकशीचा निकाल विधिमंडळापुढे मांडाल? आणि ज्यांच्यावर आरोप करता, त्यांच्याशी तो निकाल लागण्यापूर्वी सत्तेची भागी करणार नाही, असे लिहून देता काय? उत्तरे टिपून ठेवावीत आणि पाच वर्षांनी तो कागद पुन्हा पुढे करावा. उधारीची नोंद न ठेवणाऱ्या दुकानदारास गिऱ्हाईक बुडविते, आणि आरोपाची नोंद न ठेवणाऱ्या मतदारास पुढारी बुडवितो.