लिनक्सवरील टॉमकॅट सर्व्हर : स्वतंत्र वापरकर्त्याची आवश्यकता

जावा भाषेतील वेब अनुप्रयोग चालविण्यासाठी अपाची टॉमकॅट हा मुक्त स्रोत सर्व्हर मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने त्याची मूळ संहिता अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे सुपूर्द केली. लिनक्सवर त्याची उभारणी करताना प्रथम सुसंगत जावा आवृत्ती निवडावी लागते. टॉमकॅट १०.१ साठी किमान जावा ११, तर टॉमकॅट ११ साठी किमान जावा १७ आवश्यक आहे.

यानंतरचा महत्त्वाचा प्रश्न म्हणजे सर्व्हर कोणत्या वापरकर्त्याच्या अधिकाराने चालवावा. लिनक्समध्ये १०२४ पेक्षा कमी क्रमांकाची पोर्ट सामान्य वापरकर्त्यास सहसा उघडता येत नाहीत. त्यामुळे ८० क्रमांकाचे पोर्ट मिळावे म्हणून टॉमकॅट थेट ‘रूट’च्या अधिकाराने सुरू करण्याचा मोह होतो. परंतु अशा वेळी अनुप्रयोगातील एखाद्या त्रुटीतून शिरकाव करणाऱ्याच्या हाती संपूर्ण संगणक जाऊ शकतो.

म्हणून टॉमकॅटसाठी लॉगिनची मुभा नसलेला स्वतंत्र वापरकर्ता निर्माण करावा. टॉमकॅट त्याच्या मूळच्या ८०८० पोर्टवरच, केवळ त्याच संगणकापुरता खुला ठेवावा आणि बाहेरील विनंत्या स्वीकारण्यासाठी त्यापुढे एनजिनएक्स किंवा अपाची एचटीटीपी सर्व्हर रिव्हर्स प्रॉक्सी म्हणून योजावा. सारांश, त्रुटी पूर्णतः टाळता येत नसल्या, तरी मर्यादित अधिकारांमुळे होणारी हानी मर्यादित राहते.