वकीलसाहेबांच्या संगणकाला कुलूप आहे काय?

व्यापारी माणूस जी गोष्ट सख्ख्या भावालाही सांगत नाही, ती वकिलाला सांगतो. भागीदाराशी बिनसले आहे, कर्जाचे हप्ते थकले आहेत, नव्या मालाचे डिझाईन नोंदवायचे आहे, गाळ्याच्या जागेवरून वारसांत वाद आहे. या साऱ्या गोष्टी वकीलसाहेबांच्या कानावर घातल्याखेरीज काम पुढे सरकत नाही. पूर्वी हे कागद दोरीने बांधून लोखंडी कपाटात राहत. आज त्यांचे फोटो व्हॉट्सअ‍ॅपने जातात, कारकुनाच्या संगणकात उतरतात, तेथून ई-मेलने दुसऱ्या वकिलाकडे पोचतात. लोखंडी कपाटाची किल्ली कोणाकडे असते, हे आपणास ठाऊक होते. या नव्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे, हे आपल्यापैकी फारच थोडे लोक विचारतात. तो प्रश्न विचारण्याचा आपणास हक्क आहे आणि त्याचे उत्तर देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

अशिलाची गुपिते ही अमानत

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने त्याच्या संमतीवाचून उघड करू नये, हे बंधन १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम १२६ मध्ये होते. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली आणि तेच बंधन आता कलम १३२ मध्ये आहे. गुन्ह्यासाठी वा लबाडीसाठी वकिलाचा उपयोग करणाऱ्याला मात्र हे संरक्षण नाही. काम संपले, फी चुकती झाली, तरी बंधन संपत नाही. वकिलाचे कारकून, नोकर आणि दुभाषी हेही त्यात येतात. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या आचारनियमांतही हे बंधन मोडू नये आणि अशिलाच्या विश्वासाचा गैरफायदा घेऊ नये, असे बजावले आहे.

आता विचार करा. तोंडाने गुपित फोडले तर तो दोष. मग संगणक उघडा टाकल्यामुळे तेच गुपित चोराच्या हाती गेले, तर वकिलाची जबाबदारी शून्य कशी म्हणावी? अमानत सांभाळणे म्हणजे केवळ तोंड बंद ठेवणे नव्हे, दारही बंद ठेवणे होय.

इंग्लंडमधील एक धडा

हा धोका काल्पनिक नाही. इंग्लंडमधील टकर्स सॉलिसिटर्स या वकिली पेढीवर ऑगस्ट २०२० मध्ये संगणक-दरोडा पडला. चोरट्यांनी ९,७२,१९१ फायली कुलूपबंद करून टाकल्या. त्यांपैकी २४,७१२ फायली न्यायालयीन कागदांच्या होत्या आणि अशा कागदांचे ६० संच चोरट्यांनी इंटरनेटच्या काळ्या बाजारात मांडले. तेथील माहिती आयुक्त कार्यालयाने चौकशी करून २०२२ मध्ये पेढीला ९८,००० पौंडांचा दंड केला. मुख्य गुन्हेगार चोरच होते, हे कार्यालयाने मान्य केले. परंतु पेढीने दार नीट लावले नव्हते, हेही सांगितले. बाहेरून प्रवेश करताना पासवर्डशिवाय दुसरी खातरजमा नव्हती, संगणकातील दोषावरची दुरुस्ती जानेवारी २०२० मध्ये उपलब्ध असून ती जूनमध्ये बसवली गेली आणि साठवलेले कागद सांकेतिक रूपात ठेवले नव्हते.

अमेरिकेतील वकिलांच्या राष्ट्रीय संघटनेने तर २०१२ मध्येच आपल्या आदर्श नियमांत भर घातली की, अशिलाची माहिती परक्याच्या हाती जाऊ नये म्हणून वकिलाने वाजवी प्रयत्न केलेच पाहिजेत. २०१८ मध्ये तिने आणखी स्पष्ट केले की, अशिलाच्या महत्त्वाच्या माहितीची चोरी झाल्यास चालू अशिलाला तसे कळवणे हे वकिलाचे कर्तव्य आहे.

आपल्याकडे काय?

आपल्या देशात २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून प्रमुख जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हावयाच्या आहेत. कायदेशीर हक्क बजावण्यासाठी लागणाऱ्या माहितीला या कायद्यातील बऱ्याच तरतुदींतून सूट आहे. मात्र माहिती सुरक्षित ठेवण्याच्या कर्तव्यातून सूट नाही, आणि त्यात कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

येथे एक मेख आहे. चोरी झाल्यास संबंधिताला कळवण्याची जी तरतूद आहे, ती या सूट मिळालेल्या भागात मोडते. म्हणजे कोर्टकज्जाच्या कामातील कागद चोरीस गेले, तर या कायद्याच्या बळावर आपणास खबर मिळेलच असे नाही. म्हणून ही गोष्ट वकीलपत्र देतानाच बोलून, शक्य तर लिहून घ्यावी.

कोणते प्रश्न विचारावेत?

समजा, मालेगावच्या एका यंत्रमागवाल्याचा भागीदारीचा करारनामा आणि बँकेचे उतारे वकिलाच्या ई-मेलमधून फुटले. तडजोडीत तो किती रकमेपर्यंत खाली येणार, हे प्रतिपक्षाला आधीच कळले, तर खटला उभा राहण्यापूर्वीच तो निम्मा हरला. हे टाळण्यासाठी पुढील गोष्टी अदबीने विचाराव्यात:

१. माझे कागद कार्यालयात कोण कोण पाहते? टंकलेखन, झेरॉक्स बाहेर होते काय?
२. ई-मेल आणि व्हॉट्सअ‍ॅपला दुहेरी खातरजमा लावली आहे काय? त्यास पैसाही लागत नाही.
३. कागदांची दुसरी प्रत वेगळ्या, सुरक्षित ठिकाणी आहे काय?
४. काम संपल्यावर माझ्या कागदांचे काय होते?
५. चोरी झाली तर मला केव्हा आणि कसे कळवाल?

चांगला वकील या प्रश्नांनी रागावणार नाही. गैरवर्तनाची तक्रार करण्याची पाळी आलीच, तर ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१ च्या कलम ३५ खाली राज्य बार कौन्सिलकडे, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे, दाद मागता येते. दोष सिद्ध झाल्यास समज देण्यापासून सनद काढून घेण्यापर्यंत शिक्षा होऊ शकते.

आपलीही जबाबदारी

मात्र सारा भार वकिलावर टाकून चालणार नाही. खटल्याचे कागद आपणच नातलगांच्या ग्रुपवर टाकले, तर वकील काय करणार? आधारची प्रत देताना जेथे चालेल तेथे शेवटचे चारच अंक दिसणारी द्यावी. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. इंग्लंडमध्ये घरखरेदीच्या व्यवहारात वकिलाच्या नावाने खोटा ई-मेल पाठवून बँक खाते बदलल्याचे कळवायचे आणि रक्कम लाटायची, असे प्रकार इतके झाले की त्यांना ‘शुक्रवार दुपारची फसवणूक’ असे नाव पडले, कारण तेथे बरेच व्यवहार शुक्रवारी पुरे होतात. गाळ्याचा बयाणा असो वा कोर्टात भरावयाची रक्कम, खाते बदलल्याचा निरोप आला की आधीपासून माहीत असलेल्या नंबरावर स्वतः फोन करून खात्री करावी. पैसे गेलेच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० वर कळवावे. जितका उशीर, तितकी रक्कम हाती लागण्याची आशा कमी.

कारखान्याला टाळे लावल्याशिवाय आपण घरी जात नाही. आपले कागद ज्यांच्या हवाली केले, त्यांच्याही टाळ्याची चौकशी करणे यात अविश्वास नाही. ती व्यवहारातील रीतच आहे, आणि पुढच्या वेळी वकीलपत्रावर सही करण्यापूर्वी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी ती पाळावी.